रजा मंजूर, पण जागेवर कोण?

‘तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही.’ नव्याने दिवस गेलेल्या बाईला आपल्याकडे ही सूचना आईकडून मिळते, सासूकडूनही मिळते. तिच्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. जे गर्भपात होतात त्यातले बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत होतात. आधी सगळ्यांना पेढे आणि मग सगळ्यांना उत्तरं, हे दुःख टाळायचं असेल तर थांबलेलं बरं, असा तो हिशेब. पण हीच बाई एखाद्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एमडी किंवा एमएस करणारी निवासी डॉक्टर असेल तर हा हिशेब उलटा पडतो. गर्भधारणेनंतर तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात बाळाचं हृदय, मेंदू, मणका, हातपाय यांची मूळ घडण होते. बाहेरच्या गोष्टींचा त्रास गर्भाला सगळ्यात जास्त होण्याचा हाच काळ. याच आठवड्यांत ती ऑर्थोच्या ऑपरेशन थिएटरमध्ये म्हणजे ओटीत, सी-आर्म या क्ष-किरण यंत्राशेजारी उभी असते, कॅन्सरच्या वॉर्डात केमोथेरपीचं सलाईन तयार करत असते, नाहीतर लागोपाठ इमर्जन्सी ड्यूट्या करत असते. आणि युनिटमध्ये कुणालाच काही माहीत नसतं.

घरच्या रिवाजाशिवाय तिच्या गप्प राहण्याला आणखी एक कारण असतं. ‘आत्ताच कशाला?’ हा प्रश्न तिला ऐकायचा नसतो. विभागप्रमुख तो तोंडावर विचारतीलच असं नाही; पण ड्यूटीची यादी लावताना तो हवेत असतो. म्हणून ती ॲप्रन सैल घेते, उलट्या आल्या तर ‘ॲसिडिटी आहे’ म्हणते आणि पाचव्या महिन्यात, पोट दिसू लागल्यावर, सांगते. तोवर ज्या आठवड्यांत काळजी घ्यायची ते निघून गेलेले असतात. हा लेख लिहिण्यामागे माझी खरी तळमळ याच एका विसंगतीबद्दल आहे. या प्रशिक्षणात गरोदरपणाची सगळी सोय शेवटच्या महिन्यांकडे तोंड करून उभी आहे, आणि पहिले तीन महिने त्या बाईवर सोडून दिलेले आहेत.

‘मग थोडं थांबायचं’ असा सल्ला सहज दिला जातो. तो देणाऱ्याने वयाची बेरीज करून पाहावी. अठराव्या वर्षी एमबीबीएसला प्रवेश, साडेपाच वर्षांत इंटर्नशिपसह पदवी, नीट-पीजीसाठी एक-दोन वर्षं, मग पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षं, मग सरकारी बॉण्डचं वर्ष. एकोणतीस-तीस इथेच झाले. पुढे डीएम किंवा एमसीएच करायचं तर आणखी तीन वर्षं. प्रजननक्षमता तिशीनंतर हळूहळू आणि पस्तिशीनंतर झपाट्याने उतरते, हे तिला कुणी सांगावं लागत नाही. ती ओपीडीत इतर बायकांना तेच सांगत असते. निवासी डॉक्टरकीची वर्षं आणि मूल होण्याची शरीराची सोयीची वर्षं ही अशी एकावर एक बसलेली आहेत. त्यातही कुठलं वर्ष बरं, याला उत्तर नाही. पहिल्या वर्षी वॉर्डाचा सगळा बोजा, दुसऱ्या वर्षी थिसिसच्या केसेस आणि हात बसण्याचा काळ, तिसऱ्या वर्षी परीक्षा. ‘योग्य वेळ’ शोधायला बसलेल्या मुलीला ती सापडत नाही, यात तिचा दोष नाही.

रुग्णालयात गर्भाला नेमकं कशापासून जपायचं असतं, याबद्दल डॉक्टरांमध्येही भीती आणि बेफिकिरी दोन्ही आहेत. क्ष-किरणांचंच घ्या. एक जण म्हणते, सी-आर्म चालू असलेल्या ओटीत पाऊलसुद्धा टाकणार नाही; दुसरी म्हणते, लेड ॲप्रन आहे ना, मग काय होतंय. मोजमापं पाहिली की चित्र साफ होतं. आपल्या देशात यावर देखरेख करणारी संस्था म्हणजे मुंबईत अणुशक्तीनगरला असलेलं अणुऊर्जा नियामक मंडळ. किरणोत्साराच्या क्षेत्रात काम करणाऱ्या बाईने गरोदरपण कळवलं की उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळता कामा नये, असा त्यांचा दंडक आहे. तुलनेसाठी सांगायचं तर जमीन, हवा, अन्न आणि अवकाश यांतून प्रत्येक माणसाला निसर्गतःच वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळत असतात. म्हणजे ही मर्यादा चांगलीच कडक आहे. अर्धा मिलिमीटर शिशाच्या तोडीचा ॲप्रन रुग्णाच्या अंगावरून विखुरलेल्या किरणांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त अडवतो. अंतर हे त्याहून स्वस्त हत्यार आहे. रुग्णापासून एक मीटरवर उभी असलेली डॉक्टर दोन मीटरवर सरकली की मात्रा चौपटीने कमी होते.

तेव्हा सी-आर्मच्या ओटीत गरोदर डॉक्टरने मुळीच जाऊ नये असं नाही. पण त्यासाठी तीन गोष्टी जागेवर हव्यात. पाठही झाकणारा, अंगाभोवती गुंडाळला जाणारा ॲप्रन हवा. कारण काम करताना माणूस वळतो आणि पाठ उघडी पडते. ॲप्रनच्या आत पोटाच्या उंचीवर दुसरा मोजणी बॅज हवा, म्हणजे गर्भापर्यंत काय पोहोचलं ते कळेल. आणि तिसरी गोष्ट, या दोन्ही मागण्यासाठी तिने गरोदर असल्याचं सांगितलेलं असायला हवं. नियमाचं संरक्षण ‘कळवल्यापासून’ सुरू होतं. गप्प बसलेल्या मुलीला ते लागूच होत नाही.

भूलशास्त्रातल्या निवासी डॉक्टरांचा प्रश्न वायूंचा. नायट्रस ऑक्साइड शरीरातल्या बी-१२ जीवनसत्त्वाला निकामी करतो आणि पेशींच्या वाढीला लागणारी एक साखळी अडते. ज्या काळात ओटीतला वायू बाहेर खेचून नेणारी यंत्रणा नव्हती, त्या काळातल्या पाहण्यांमध्ये ओटीत काम करणाऱ्या बायकांत गर्भपात जास्त दिसले होते. ती यंत्रणा चालू असेल, मास्क नीट बसत असेल, तर धोका बराच खाली येतो. म्हणून ओटीत शिरताना यंत्रणा चालू आहे का एवढं विचारण्याचा अधिकार तिला हवा. लहान मुलांना मास्कने भूल देताना वायू सर्वांत जास्त गळतो. ती यादी त्या काळापुरती दुसऱ्याला देता येते. केमोथेरपीच्या औषधांबाबत मात्र तडजोड नको. मेथोट्रेक्सेट, सायक्लोफॉस्फामाइड यांसारखी औषधं वाढत्या पेशींवरच घाला घालतात. ती मिसळण्याचं काम गरोदर डॉक्टरकडे असूच नये. संसर्गांचं म्हणाल तर रुबेला आणि कांजिण्यांची लस गरोदरपणाच्या आधी किमान महिनाभर घ्यावी लागते, कारण त्या जिवंत लसी आहेत. लग्न ठरलेल्या प्रत्येक निवासी डॉक्टरने आपली प्रतिकारशक्ती तपासून घ्यावी असं मला वाटतं. सुई टोचली तर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या दोन तासांतच सुरू करायची असतात. ती गरोदरपणातही दिली जातात; पोटात बाळ आहे म्हणून कुणी थांबू नये.

आता रात्रपाळी. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी सुमारे २२ हजार गरोदर नोकरदार बायकांच्या पगारपत्रकांतल्या पाळ्या आणि रुग्णालयांच्या नोंदी जोडून पाहिल्या. गरोदरपणाचे आठ आठवडे उलटल्यावर ज्यांनी एका आठवड्यात दोन किंवा अधिक रात्रपाळ्या केल्या, त्यांच्यात पुढच्या आठवड्यात गर्भपाताचा धोका ३२ टक्क्यांनी जास्त आढळला. या काळात मुळात धोका कमी असतो, म्हणून आकड्याने घाबरून जाऊ नये. पण तो दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. रात्रीच्या उजेडात मेलॅटोनिन हे संप्रेरक कमी तयार होतं आणि वार नीट काम करण्यात त्याचा वाटा असतो, हे यामागचं एक संभाव्य कारण. अमेरिकेत २०२१ मध्ये ६९२ महिला शल्यचिकित्सकांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या ४२ टक्के जणींचा कधी ना कधी गर्भ गेला होता, म्हणजे सर्वसाधारण बायकांच्या दुपटीहून जास्त. शेवटच्या तिमाहीत आठवड्याला बारा किंवा अधिक तास शस्त्रक्रिया करणाऱ्यांमध्ये गुंतागुंतही जास्त होती.

तासन्‌तास उभं राहण्याचं गणित शरीरशास्त्राचं आहे. गरोदरपणात रक्तातला द्रव जवळजवळ निम्म्याने वाढतो, शिरा सैलावतात, वाढतं गर्भाशय पोटातल्या मोठ्या शिरेवर दाब देतं. उभं राहिलं की रक्त पायात साचतं आणि हृदयाकडे कमी परततं. चार तासांच्या शस्त्रक्रियेत रिट्रॅक्टर धरून उभी असलेली निवासी डॉक्टर चक्कर येऊन खाली बसते, ती नाजूक आहे म्हणून नव्हे. प्रसूती लाभ अधिनियमाने १९६१ सालीच सांगून ठेवलं होतं की मागणी केल्यास शेवटच्या साधारण दहा आठवड्यांत बाईला फार वेळ उभं राहण्याचं कष्टाचं काम देऊ नये. गिरण्या, मळे आणि खाणींमधल्या बायकांसाठी केलेला कायदा आपल्या ओटीपर्यंत पोहोचायला साठ वर्षंही पुरली नाहीत.

हा कायदा निवासी डॉक्टरला लागू आहे का, असं विचारलं की घोळ सुरू होतो. ती पगार नव्हे, विद्यावेतन घेते. प्रवेश, शुल्क, हजेरी, परीक्षा या बाबतींत ती विद्यार्थिनी; वॉर्ड, इमर्जन्सी, लेबर रूम या बाबतींत रुग्णालयाचा कणा. काम घेताना तिला डॉक्टर धरलं जातं आणि रजा देताना विद्यार्थिनी. २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. या कायद्याची जागा घेणाऱ्या, नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही २६ आठवड्यांची तरतूद कायम आहे.

प्रशिक्षणातल्या डॉक्टरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२३ चा निकाल फार महत्त्वाचा आहे. दिल्लीच्या एका सरकारी रुग्णालयात करारावर सीनियर रेसिडेन्ट असलेल्या पॅथॉलॉजिस्टने जून २०१७ पासून रजा मागितली. करार ११ जूनला संपतो म्हणून रुग्णालयाने तिला फक्त अकरा दिवसांचा लाभ दिला. ती न्यायाधिकरणात हरली, उच्च न्यायालयातही हरली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र स्पष्ट केलं की हक्क एकदा निर्माण झाला की प्रसूतीचे लाभ कराराच्या मुदतीपलीकडेही चालतात. करार संपला म्हणून ते संपत नाहीत. आपल्याकडे असंख्य डॉक्टर बॉण्डवर, कंत्राटावर, अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर काम करतात. त्यांनी हा निकाल छापून फाइलला लावून ठेवावा.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये नवे नियम केले. त्यांत वर्षाला किमान २० दिवसांची पगारी किरकोळ रजा, पाच दिवस शैक्षणिक रजा, आठवड्याची सुट्टी, आणि सरकारी नियमांप्रमाणे प्रसूती रजा व पितृत्व रजा असं स्वच्छ लिहिलं आहे. परवानगीपेक्षा जास्त रजा झाली तर तेवढे दिवस मुदत वाढते आणि परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते, हेही त्यातच आहे. आता आकडेमोड करून पाहू. तीन वर्षांचे १०९५ दिवस. त्यांच्या ८० टक्के म्हणजे ८७६. गैरहजर राहायला उरले २१९. त्यातून सरकारी नियमाची १८० दिवसांची प्रसूती रजा वजा केली तर राहतात ३९ दिवस, आणि तीन वर्षांच्या किरकोळ रजाच ६० होतात. हजेरी वर्षागणिक मोजली तर प्रकरण आणखी अवघड, कारण एका वर्षाचे २० टक्के म्हणजे अवघे ७३ दिवस. प्रसूती रजा हजेरीच्या हिशेबातून वगळायची की गैरहजेरीत धरायची, यावर सहा महिन्यांची मुदतवाढ ठरते. आणि मुदतवाढ म्हणजे नुसते सहा महिने नव्हेत. मुख्य परीक्षा हुकते, मग पुरवणी परीक्षा. सुपर स्पेशालिटीच्या प्रवेशाचं एक चक्र जातं, बॉण्डची नेमणूक पुढे ढकलली जाते. म्हणून रजेचा अर्ज देतानाच हजेरी कशी मोजणार, थिसिस सादर करण्याची तारीख काय राहणार, रजेच्या आणि वाढीव काळात विद्यावेतन मिळणार की नाही, या तीन गोष्टी महाविद्यालयाकडून लेखी घ्याव्यात. तोंडी आश्वासन देणारे विभागप्रमुख वर्षभरात बदलून गेलेले असू शकतात.

पण रजा मिळाली म्हणून प्रश्न सुटत नाही. खरा पेच तिच्या रिकाम्या जागेत आहे.

समजा एका युनिटमध्ये रात्रीच्या ड्यूट्या चौघांत वाटलेल्या आहेत. प्रत्येकाची चौथी रात्र. त्यातली एक जण २६ आठवडे रजेवर गेली. तेवढ्या १८२ रात्री आता तिघांत वाटायच्या. प्रत्येकाच्या वाट्याला आधी पंचेचाळीस रात्री येत होत्या, आता साठ येतात. पंधरा रात्री जास्त. त्या कोणी मागितल्या नव्हत्या, त्यांचं जादा विद्यावेतन नाही, आणि हे तिघं आधीच दमलेले आहेत. निवासी डॉक्टरला सलग बारा तासांहून जास्त आणि आठवड्याला ४८ तासांहून जास्त ड्यूटी सहसा देऊ नये, असं केंद्र सरकारच्या निवासी योजनेत १९९२ सालापासून लिहिलेलं आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाला आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवावी लागली, यावरून प्रत्यक्षात काय चालतं ते समजून घ्यावं.

अशा वेळी सहकाऱ्यांची चिडचिड त्या गरोदर मुलीकडे वळते. तिने काही गैर केलेलं नसतं आणि त्यांची दमणूकही खोटी नसते. संस्थेने भरायची जागा संस्था भरत नाही, म्हणून ते ओझं दोन मैत्रिणींमधला हिशेब बनतं. मग अपराधी भावनेतून एक भयंकर सौदा होतो. ‘मी आत्ता तुझ्या इमर्जन्सी करते, रजेच्या काळात तू माझ्या कर.’ म्हणजे ज्या महिन्यांत रात्रपाळ्या कमी करायला हव्यात, त्याच महिन्यांत ती जास्त करते. कुणी सक्ती केलेली नसते. व्यवस्थेत पर्याय नसतो म्हणून तिला हेच माणुसकीचं वाटतं.

यावर उपाय नाही असं मुळीच नाही. महापालिकेच्या रुग्णालयांत चतुर्थ श्रेणीचा कर्मचारी रजेवर गेला तर बदली कामगार येतो. ही सोय जुनी आहे आणि सगळ्यांना ठाऊक आहे. डॉक्टरांसाठीच ती का नसावी? राज्यात एमबीबीएस झालेल्या आणि पदव्युत्तर शिक्षण संपवलेल्या, दोन्ही प्रकारच्या डॉक्टरांना बॉण्डची सेवा द्यावी लागते. प्रत्येक मोठ्या महाविद्यालयात त्यांतल्या काही जागा प्रसूती, दीर्घ आजार, क्षयरोग अशा रजांवर भरण्यासाठी राखून ठेवता येतील. दरवर्षी किती निवासी डॉक्टर बाळंतपणासाठी जातात हा आकडा महाविद्यालयाच्या रजिस्टरमध्ये असतोच. दरवर्षी घडणारी गोष्ट दरवर्षी अचानक घडल्यासारखी हाताळायची, हे आता थांबायला हवं. मार्डसारख्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेने विद्यावेतन आणि सुरक्षेसाठी अनेकदा लढा दिला आहे. बदली डॉक्टरची मागणी त्या यादीत वर यावी, कारण ती पुरुष डॉक्टरांच्याही तितक्याच फायद्याची आहे.

बाळंतपणानंतरच्या काळाकडे वळू. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला खोलीबाहेर काम सांगत नाहीत. कायदाही प्रसूतीनंतर सहा आठवडे बाईला कामावर घेण्यास मनाई करतो. रिवाज आणि कायदा इतके जवळ आले त्याचं कारण शरीरात आहे. प्रसूतीच्या वेळी सुमारे एक किलो वजनाचं झालेलं गर्भाशय पुन्हा साठ-सत्तर ग्रॅमवर यायला साधारण सहा आठवडे लागतात. टाके, रक्तस्राव, ओटीपोटाचे सैलावलेले स्नायू यांनाही तेवढा वेळ हवा असतो. मुदतवाढीच्या भीतीने दोन महिन्यांत परतणाऱ्या मुली आहेत. त्या परततात तेव्हा शरीर जेमतेम सावरलेलं असतं आणि बाळ रात्री तीनदा उठत असतं.

मग येतो दुधाचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध सुचवते. दूध मागणीप्रमाणे तयार होतं. स्तन रिकामा झाला की शरीर आणखी बनवतं. भरलेलाच राहिला तर दुधातलेच काही घटक निर्मिती थांबवण्याचा निरोप देतात. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. त्यामुळे चोवीस तासांच्या इमर्जन्सीला गेलेली आई एकही वेळ दूध न काढता परतली, तर आधी गाठी, ताप, स्तनाला सूज आणि काही आठवड्यांत दूधच आटतं. दर तीन-चार तासांनी पंधरा-वीस मिनिटं मिळाली तर हे टळतं. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस चांगलं राहतं. नागपूरच्या मे महिन्यात मात्र चार तासांचा भरवसा धरू नये. बर्फाची पेटी सोबत हवी.

या बाबतीत मुंबईला एक मोठा वारसा आहे. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी १९८९ मध्ये सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आयांनी दिलेलं दूध तपासून, निर्जंतुक करून अपुऱ्या दिवसांच्या बाळांना देण्याची ती व्यवस्था आज देशभरात अनेक ठिकाणी पसरली आहे. म्हणजे दूध स्वच्छपणे कसं काढायचं, कसं साठवायचं, त्याला कसली जागा लागते, हे सगळं ज्ञान आपल्याच सरकारी रुग्णालयांत आहे. त्याच ज्ञानाने निवासी डॉक्टरांसाठी एक कडी असलेली खोली, एक वॉशबेसिन आणि एक छोटा फ्रिज उभा करणं किती अवघड आहे? कायद्यात मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन स्तनपान विश्रांती आहेत, ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर आहे आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाण्याची मुभा आहे. मोठ्या रुग्णालयात ५० चा आकडा दोन-तीन वॉर्डांतच भरतो.

पाळणाघर नसल्याचा परिणाम काय होतो, ते लातूर, सांगली, जळगावच्या घरांत जाऊन पाहावं. आई मुंबईत किंवा पुण्यात, बाबा दुसऱ्या शहरात निवासी डॉक्टर, आणि बाळ आजी-आजोबांकडे. रविवारी ड्यूटी नसेल तर भेट. आजीआजोबा जीव लावतात, मूल नीट वाढतंही. पण ही सोय ज्यांच्या घरी धडधाकट आजी आहे त्यांच्यासाठीच आहे, आणि तिच्या जोरावर एवढी मोठी संस्था आपली जबाबदारी विसरते, हे मला खटकतं. वडिलांची गोष्टही यातच येते. केंद्र सरकारी पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे आणि आयोगाच्या नियमांत निवासी डॉक्टरांसाठी तिचा उल्लेख आहे. ती घेतल्याने पुरुष डॉक्टर मागे पडत नाही. बाळाचा पहिला पंधरवडा म्हणजे आईच्या झोपेचा सगळ्यात वाईट काळ; तेव्हा घरात दुसरा जागा माणूस असणं औषधाइतकं उपयोगी पडतं.

झोपेवरून मनाचा विषय निघतो. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, हळवं होणं बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत निवळतं. ते निवळलं नाही, बाळाबद्दल काही वाटेनासं झालं, झोपायला मिळूनही झोप लागेना, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. जगभरात साधारण आठांतल्या एका बाईला ते होतं. निवासी डॉक्टर ही लक्षणं दुसऱ्यात पटकन ओळखते. स्वतःत आली तर ‘झोप कमी झालीये’ म्हणून झटकते. इजेचे विचार आले तर त्याच दिवशी मदत घ्यायची. मानसोपचार विभाग तिच्याच इमारतीत असतो. ओळखीच्यांसमोर जाणं नको वाटलं तर दुसऱ्या रुग्णालयात जावं, पण जावं.

आता मुदतवाढीच्या प्रश्नाकडे परत येऊ. आपल्याकडून अनेक मराठी मुली अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी जातात. आईपणाच्या रजेत अमेरिका कंजूष देश मानला जातो, पण तिथेही निवासी डॉक्टरांसाठी अलीकडे दार उघडलं आहे. जुलै २०२१ पासून तिथल्या विशेषज्ञ मंडळांनी दोन वर्षं किंवा त्याहून लांब प्रशिक्षणात एकदा किमान सहा आठवड्यांची रजा, हक्काची सुट्टी न संपवता आणि मुदत न वाढवता, मान्य केली. जुलै २०२२ पासून ती पूर्ण पगारी झाली. सहा आठवडे आपल्या सव्वीसांपुढे अगदीच थोडे. तरीही त्यांतली ‘मुदत न वाढवता’ ही अट आपण उचलण्यासारखी आहे. आपल्या संशोधन क्षेत्रातही असा विचार झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत पीएचडी करणाऱ्या बाईला २४० दिवसांपर्यंतची रजा आणि मुदतीत दोन वर्षांची सवलत आहे.

सहा महिन्यांनी परतलेल्या डॉक्टरला पहिल्याच रात्री एकटीने इमर्जन्सी सांभाळायला लावणं हे तिच्यावर आणि रुग्णावर दोघांवरही अन्याय करणारं आहे. हात थोडा सुटलेला असतो, औषधांचे डोस पुन्हा आठवावे लागतात, युनिटमधली माणसं बदललेली असतात. पहिले दोन आठवडे दिवसपाळी, ओटीत सोबत एक सीनियर, थिसिसचं वेळापत्रक गाईडबरोबर बसून नव्याने आखलेलं, आणि दूध काढण्याची वेळ ड्यूटीच्या यादीत लिहिलेली. यातल्या एकाही गोष्टीसाठी मंत्रालयाच्या जीआरची वाट पाहावी लागत नाही. ते विभागप्रमुखांच्या अधिकारात आजही आहे, आणि काही विभागप्रमुख ते गाजावाजा न करता करतात.